कालीबाईनं उपटलेले नर

म्हसावदच्या रूपचंद गुजराच्या शेतात सरकारी परवान्याचा गांजा व्हायचा, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातली कालीबाई तिथे मजुरीला होती. गांजाची काही झाडं नर, काही मादी. नरांचा फुलोरा उमलायच्या आत ते ओळखून उपटायचे, हे तिचं काम. एखादा जरी राहिला, तरी माद्यांना बी धरतं आणि मालातला कस जातो. कालीबाईच्या नजरेतून नर सुटत नसे.

“तुन्हा हातना माल भलता कडक शे, काली,” रूपचंद म्हणायचा. तिला ते गोड लागायचं.

पन्नासचं दशक सरता सरता परवाने बंद झाले आणि ती तळोद्यावरच्या आपल्या पाड्यात परतली. भाऊ नवलसिंगच्या झोपडीमागे गांजाची चारदोन झाडं होती, बाप लावायचा तशीच, नर-मादी एकत्र. बियांनी भरलेला तो गांजा म्हातारी माणसं संध्याकाळी ओढत आणि निवांत झोपत.

“बाई, तिकडं शेतात काय करायचीस ते आम्हालाही दाखव की,” नवलसिंग म्हणाला.

तिनं दाखवलं. मिरवतच दाखवलं. पुढच्या साली पाड्यातला माल बोटांना चिकटायला लागला, वासानं अंगण भरायचं. चिलीम मात्र नवलसिंग बापासारखीच गच्च भरायचा.

डोकं गरगरतं म्हणून म्हाताऱ्यांनी ओढणं सोडलं. नवलसिंगनं सोडलं नाही. आधी तो उगाच हसायचा, मग गप्प बसायला लागला. मग बायको सोनीबाई भाकरीत काहीतरी कालवते, असं त्याला वाटू लागलं. एका दुपारी त्यानं तिच्या हातातलं ताट भिरकावलं, बैल सोडून दिले आणि जंगलात निघून गेला. लोकांनी शोधून आणला, तेव्हा तो कालीबाईलाच विचारत होता, “तू कोण?”

त्यानंतरच्या पिकात कालीबाईनं एकही नर उपटला नाही. दुसऱ्यांनाही उपटू देईना. बांधावर उभी राहून भांडली. वाऱ्यानं पराग सगळीकडे नेला, माल बियांनी भरला, हलका झाला. लोक चिडले.

“मग आधी शिकवलं कशाला?” शेजारच्या दगूबाईनं विचारलं.

पलीकडच्या डोंगरातले लोकही तोवर कालीबाईकडून शिकून गेले होते. त्यांना कोण अडवणार?

सोनीबाई माहेरी गेली ती गेलीच. नवलसिंग बहिणीकडे राहिला. कधीमधी शहाण्यासारखं विचारायचा, “आज ज्वारी खुरपायची ना?”

ती लगबगीनं खुरपं आणून द्यायची. तो ते हातात धरून उन्हात बसून राहायचा.