चाकांवरचं सीमोल्लंघन

आमच्या घरात स्कीइंग कोणालाही येत नाही, ही गोष्ट स्कीइंगची सहल ठरवताना कोणाच्याही आड आली नाही.

मुळात ही हौस माझ्या बायकोची, मेधाची. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात पार उत्तरेकडच्या बर्फाचं चित्र पाहिल्यापासून तिला तिथे जायचं होतं. पण सिंगापूरला येऊन आम्हाला बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांतली तिची एकूण एक रजा नातेवाइकांच्या कार्यांत खर्ची पडली. कोणाची मुंज, कोणाचा साखरपुडा, कोणाची वास्तुशांत. (माझ्या एका मावसभावाने तीनदा घर बदललं. तिन्ही वास्तुशांतींना आम्ही पहिल्या पंगतीला!) यंदा मेधाच्या भावाने, नंदूदादाने, नाशिकला नोव्हेंबरअखेर वास्तुशांत काढली, आणि मेधा फोनवर पहिल्यांदाच म्हणाली, "बघते, कळवते." आमच्याकडे याला बंड म्हणतात.

"नॉर्वेला जायचं," फोन ठेवून तिने जाहीर केलं. "अगदी वरच्या टोकाला. क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचं."

डोंगरावरून सुसाट खाली येतात ते हे नव्हे. यात पायाला लांबच लांब पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि सपाट बर्फावरून मैलोन्मैल सरकत जायचं.

"म्हणजे चालायचंच ना?" मी म्हणालो. "चालता येतं मला."

"नितीन, तू मागच्या महिन्यात एस्कलेटरवर पडलास."

"तो बंद होता!"

मेधा इथल्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिने तिथल्या तिथे अट घातली. "दिवसभर मी लोकांचे गुडघे वाकवते. सुट्टीत मी कोणाच्याही पायाला हात लावणार नाही. तुझ्या तर नाहीच नाही. तू पडणार नाहीस अशी माझी खात्री पटली, तर मी दादाला नाही म्हणून सांगते. नाहीतर सरळ नाशिकला जाऊ. तिथे पडलास तर निदान मराठीत ओरडता येईल."

हे ती हसत म्हणाली, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको हसत काय म्हणते आणि मनातून काय म्हणते हे मला कळतं. (सहसा दोन दिवसांनी कळतं, पण कळतं.) तिला जायचंच होतं, आणि तिच्या वाटेतला धोंडा मीच होतो. मी चिडलो, आणि कामाला लागलो.

बर्फ नसलेल्या देशातले लोक चाकांच्या पट्ट्यांवर सराव करतात, असं इंटरनेटवर कळलं. प्रत्येक पट्टीला पुढे एक चाक, मागे एक चाक. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या माणसाकडून मी जुनी जोडी मिळवली. "फार वर्षं पडून आहेत हं," तो म्हणाला. मी म्हटलं, आम्हीही फार वर्षं पडूनच आहोत, जमेल आमचं!

दुसऱ्या दिवसापासून टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. परिस्थिती खरीखुरी वाटावी म्हणून लोकरी टोपी, हातमोजे, गॉगल आणि जाड जाकीट असा जामानिमा करायचो. हवा बत्तीस डिग्री. दगडी टेबलाशी चायनीज बुद्धिबळ खेळणारे एक म्हातारे अंकल माझ्याकडे पाहून रोज विचारायचे, "सो हॉट! यू ओके ऑर नॉट?"

पण खरं सांगतो, मी एकदाही पडलो नाही. पहिल्या दिवसापासून तोल असा काही साधला, की माझा मलाच अचंबा वाटायला लागला. व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर मी मधोमध उभा राहून पाणी प्यायचो. माझी तेरा वर्षांची मुलगी ईरा एकदा खाली आली आणि पाच मिनिटं बघत उभी राहिली.

"बाबा, दॅट इज नॉट स्कीइंग, ला. यू आर जस्ट वॉकिंग," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"हेवा वाटतोय तुला."

पुण्याहून आमच्याकडे आलेली माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिनेही एक पट्टी हातात घेऊन बोटाने चाक ढकलून पाहिलं. "नित्या, हे फिरतच नाहीये रे."

"आई, ते तसंच असतं. त्याला ग्रिप म्हणतात."

"असेल बाई," आई म्हणाली. माझी आई जेव्हा 'असेल बाई' म्हणते, तेव्हा सावध राहायला हवं, हे मला पंचेचाळीस वर्षांत कळू नये?

परीक्षेचा दिवस मेधाने दसऱ्याचा ठरवला. रविवारही होता आणि नंदूदादाला त्याच संध्याकाळी कळवायचं होतं. आई खूश झाली. "सीमोल्लंघनाचा मुहूर्त! यश ठरलेलं!"

आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे शस्त्रपूजा. आता आमच्या घरात शस्त्रं कुठली? आईने पाटावर माझा लॅपटॉप मांडला, मेधाच्या व्यायामाच्या रबरी पट्ट्या मांडल्या, स्वतःचं शिवणाचं मशीन आणि कात्री मांडली, आणि शेवटी माझ्या स्की. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. "हत्यार कोरडं ठेवू नये," असं पुटपुटत ती तेलाची कुपी घेऊन मशीनच्या भोकाभोकांत थेंब सोडत होती. मला चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात शनिवारीही एक मीटिंग होती, त्यामुळे मी नमस्कार करून निघालो.

दसऱ्याला सकाळी अख्खं घर खाली उतरलं. परीक्षा साधी होती. लिफ्टपासून निघायचं, उतारावरून खाली यायचं, छपराखालच्या वाटेने बसस्टॉपला पोचायचं आणि न पडता परत यायचं. आमच्या आणि शेजारच्या ब्लॉकच्या मधल्या जागेत त्या दिवशी एका मलाय कुटुंबाच्या लग्नाचा मांडव पडला होता, पण वाट मोकळी होती. आईने मला औक्षण केलं. अंकल पट सोडून उभे राहिले. मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि उतारावर, रोजच्यासारखंच, निवांत पहिलं पाऊल टाकलं.

पाऊल राहिलं मागे, मी पुढे!

"अरे, हळू!" मेधा ओरडली.

हळू? मला त्यातलं काहीच ठरवता येत नव्हतं! तीन आठवडे मी ज्या चाकांवर तोल साधला होता, ती चाकं तीन आठवडे गंजून बसली होती, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखरच सरकत होतो. उतार संपला, पण वेग संपेना. काठ्या टेकल्या, तर एक काठी जागीच राहिली. छपराची वाट डावीकडे वळली. मी काही वळलो नाही.

मी मांडवात शिरलो.

आत ढोल वाजत नवरदेवाची वरात येत होती. तिच्या पुढून मी लोकरी टोपी, गॉगल, एक काठी आणि कपाळाला कुंकू अशा थाटात, झेंडू लावलेल्या पट्ट्यांवरून सुळकन निघालो. लोकांना वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम आहे. टाळ्या! कोणीतरी फोन काढला. मीही काय करणार, घाबरून हात हलवला. तोल जो काही शिल्लक होता, तो त्या हातात होता. पुढच्या क्षणी मी मांडवाचा जांभळा पडदा कवटाळला आणि पडद्यासकट रिकाम्या खुर्च्यांच्या चळतीवर आडवा झालो. ढोल थांबले.

"बाबा!" ईरा धावत आली. "कॅन स्टँड ऑर नॉट?"

"कॅनॉट," मी म्हणालो. माझं पहिलं अस्सल सिंगापुरी वाक्य!

नवऱ्या मुलाच्या काकांनी मला उचलून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि वर बिर्याणीचं पाकीट हातात ठेवलं. इतकी भली माणसं, की मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक्सरेत घोट्याचं हाड मोडलेलं दिसलं. सहा आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलात पलंगाशी आई गोरीमोरी होऊन बसली होती. "मशीनला तेल घातलं, कात्रीला घातलं," ती म्हणाली. "मग तुझ्याच पट्ट्यांना कोरडं ठेवून पंक्तिप्रपंच कसा करायचा रे? आणि करकर किती वाजत होत्या त्या!"

तिच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. मला दिसत होती ती फक्त मेधा. ती खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती. बारा वर्षांत या बाईने एकच गोष्ट मागितली, आणि ती मी खुर्च्यांवर आपटून मोडली. फार वाईट वाटलं. पायापेक्षा जास्त दुखलं, अगदी देवाशपथ.

"मेधा," मी म्हटलं, "नाशिकला जाऊ. मी पाटावर पाय पसरून बसेन."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंदूदादा! तिने एकदा माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दादा, नाही जमणार रे यंदा. आम्ही बर्फात चाललोय... हो, पडला... हो, मोडला... अरे, सहा आठवडे तो पाय काही करणार नाहीये. मग तो नाशिकला काही न करो, नाहीतर नॉर्वेला, फरक काय?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "प्लास्टरमधल्या पायाला फिजिओची गरज नसते. हात लावायचा प्रश्नच मिटला."

आणि खरंच, ईराची शाळा संपल्यावर आम्ही गेलो! दुपारी दोनला काळोख पडणारं गाव, लाकडी घर, आणि मी खिडकीत, प्लास्टरवर आईने विणलेला मोजा चढवून. बाहेर दिव्यांच्या उजेडात मेधा पहिल्यांदा बर्फावरून सरकली, धपकन पडली, आणि पडल्या पडल्या अशी काही खदखदून हसली, की काचेतून मला ऐकू आलं. ती परत उठली आणि लांब दिसेनाशी होईपर्यंत गेली. तिच्यामागे ईरा. ईराच्या मागे माझी आई, स्कीइंग शिकवणाऱ्या मास्तरांचा हात धरून! मी तिघींसाठी मुगाची खिचडी टाकली आणि डोळे पुसले. (कांदा चिरत होतो.)

संध्याकाळी ते मास्तर, साडेसहा फुटी गृहस्थ, तिघींना सोडायला आत आले. त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"स्कीइंग?"

"येस," मी छाती काढून म्हणालो.

"कुठे?"

"सिंगापूर."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी उद्या माझ्या बायकोला घेऊन येऊ का?"

आले. त्यानंतरच्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन आले, आणि तिसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरांची रांग. त्या आठवड्यात आभाळ सतत ढगाळ होतं, त्यामुळे उत्तरेकडचे ते जगप्रसिद्ध रंगीत प्रकाशझोत काही दिसले नाहीत. आलेल्या पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्या गावात मग मी एकटाच उरलो होतो.