तिसरी तक्रार

कचेरीच्या तळघरात बसणाऱ्या भांडारप्रमुखांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: तीन लेखी तक्रारींशिवाय कुठलीही वस्तू बदलायची नाही. पहिली तक्रार म्हणजे माणसाची कुरकुर, दुसरी म्हणजे हट्ट. तिसरी आली तर वस्तूत खोट असू शकेल, असं त्यांचं मत. टायपिस्टबाईंच्या खुर्चीचा पाय मोडला तेव्हा खाली जुन्या फायलींचा गठ्ठा सरकवून त्यांनी बजावलं होतं, “दोन तक्रारी बाकी आहेत हं.”

स्वतःच्या फोनलाही तोच न्याय. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं, तर त्यांनी रबरबँड चढवला. चाळीस टक्के दाखवता दाखवता फोन मान टाकायचा.

“अहो, बदला ना ती बॅटरी,” बायको म्हणाली. “मला हल्ली चक्कर येते. तुम्हाला फोन लागायला नको?”

“पहिली तक्रार!” ते हसले.

आठवड्याने तिने पुन्हा विषय काढला.

“अगं, तोंडी तक्रार धरत नाही आपण.”

सोमवारी संध्याकाळी ते घरी आले, तर बायको पलंगावर, कपाळाला पट्टी, उशाशी शेजारीण. बायकोने एक कागद पुढे केला. त्यांनीच घरी आणून ठेवलेल्या छापील तक्रार अर्जांपैकी होता.

‘वस्तू : फोनची बॅटरी. पहिली तक्रार : सांगितलं, हसलात. दुसरी : सांगितलं, तोंडी म्हणालात. तिसरी : आज अकरा वाजता स्वयंपाकघरात पडले. पडल्या जागेवरून सहा वेळा फोन लावला. बंद. शेवटी भिंतीवर पातेलं आपटलं, तेव्हा शेजारीण आली.’

अर्जात काढायला एकही चूक नव्हती. लाजेने त्यांना मान वर करवेना. ते तसेच दुकानात गेले.

“काका, झाकण उचललं तेव्हाच यायचं होतं,” दुकानदार म्हणाला. “फुगलेली बॅटरी खिशात घेऊन कोणी फिरतं का?”

काम वीस मिनिटांत झालं. एवढ्या वेळात तर ते एका अर्जावर शेरा मारत.

दुसऱ्या दिवशी टायपिस्टबाई दुसरी तक्रार घेऊन बिचकत आत आल्या. भांडारप्रमुख उठले, आपली खुर्ची त्यांच्याकडे ढकलली आणि म्हणाले, “ही न्या. नवी येईपर्यंत.”

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला.

“काय गं? काय झालं?”

“काही नाही,” बायको म्हणाली. “लागतो का ते बघत होते.”