‘येतो’चं भाषांतर

आठवीनंतर शाळा सुटली. यवतमाळकडून पुण्यात आलो आणि मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर कामाला लागलो. बिबवेवाडीतल्या एका सरांकडे गुळाची ढेप पोचवायला गेलो, तेव्हा त्यांच्या भिंतीवर सिनेमा चालू होता आणि सात-आठ जण तो बघत होते. मी दारातच थबकलो. सर म्हणाले, “उभे का? बसा. आमच्याकडे तिकीट नसतं, म्हणून तर लोक येतात.”

तेव्हापासून गाळ्याला सुटी असली की मी तिकडे जायचो. आशियातल्या सिनेमांबद्दल परदेशी अभ्यासक काय लिहितात, ते सर मराठीत समजावून सांगायचे. कॉलेजची पोरं मोठमोठे शब्द वापरायची. कुणी मला काही विचारेल या धास्तीनं मी मागे बसायचो, पाण्याची बाटली घट्ट धरून. पण सरांनी कधी मला उपरा वाटू दिलं नाही. चहाचा पहिला कप माझ्याच हातात द्यायचे. ते उपकार फिटायचे नाहीत.

एकदा त्यांनी एक जुना मराठी सिनेमा दाखवला. त्यातला मुलगा शहराकडे निघतो आणि उंबऱ्यात आईला म्हणतो, “येतो.” नंतर तो दिसतच नाही. एका परदेशी अभ्यासकानं त्यावर लिहिलं होतं, की मुलगा परतण्याचं वचन देतो आणि पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्या वचनाची वाट बघणं आहे.

पोरं फिसकन हसली. “अहो सर, तो नुसतं बाय म्हणतोय!”

“साहेबांना पुण्यातला प्लंबर भेटलेला दिसत नाही,” सर म्हणाले. “तोही ‘येतो’च म्हणतो.”

मीही हसलो, अगदी मनापासून. सगळ्यांबरोबर मला विनोद कळला, असं पहिल्यांदाच झालं होतं. सर माझ्याकडे वळले. “तुमच्याकडे काय म्हणतात हो निघताना?”

“येतोच म्हणतात, सर. त्याला काही अर्थ नसतो.”

सरांनी मान डोलावली. त्या दिवशी गाळ्यापर्यंत मी शीळ घालत चालत गेलो.

पुढच्याच महिन्यात भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती. त्यानं फोन तिच्या कानाशी धरला. आवाज अगदी बारीक झाला होता. “दिवाळीले येतो म्हनून गेलता ना, बाबू? म्या बाज दारापाशी घ्याले लावली.”

मालकांनी लगेच सोडलं, स्वतः येऊन गाडीत बसवून दिलं. तरी मी पोचलो तेव्हा ती गेली होती. बाज दाराजवळच होती. उशी अशी ठेवलेली, की पडल्या पडल्या रस्ता दिसावा.

तेरवी आटोपून निघालो. पिशवी उचलली. वहिनी दारात उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका ओरडले, “येतो म्हनू नोको! मयताच्या घरून निंगताना म्हनते का कोनी?”

रीत मला ठाऊक होती. मयताच्या घरून न बोलता निघायचं. तिथं ‘येतो’ म्हटलं, तर पुन्हा अशाच कारणानं यावं लागतं. म्हणजे शब्दाला अर्थ होताच. लोक भ्यावेत एवढा होता.

पुण्यात आल्यावर सरांना तो सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. आम्ही दोघंच होतो. मुलगा ‘येतो’ म्हणून जातो, आणि त्यानंतर आई भाकरी थापते तेव्हा तिच्या मागे उघडं दार असतं. ती जात्यावर बसते, तरी मागे दार. आजारी पडते, तेव्हाही दार. त्या परक्या माणसाला ते दिसलं होतं. आम्हाला मराठी येत होतं, म्हणून आम्ही ऐकलंच नव्हतं.

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. निघताना दारापर्यंत आले आणि नेहमीसारखं म्हणाले, “या.”

त्यावर काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या आणि तसाच जिना उतरलो. खाली रस्त्यावर येईपर्यंत वरचं दार लागल्याचा आवाज काही आला नाही.