आत्याच्या रक्तातली आग

माझ्या मोठ्या आत्याइतकं मनापासून भांडणारं माणूस आमगाव तालुक्यात दुसरं झालं नाही, आणि आता व्हायचंही नाही. तिला भांडायला कारण लागत नसे, समोर कुणीतरी असलं की पुरे. लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ कमी पडलं, तर वाढप्याला सोडून ती थेट नवरदेवाला जाब विचारायची. गाडी उशिरा आली, तर फलाटावरून इंजिनाची खरडपट्टी काढायची. मात्र भांडण संपलं की त्याच माणसाला बळजबरीनं जेवू घालायची. "पोटात अन्न नसलं तं उद्या भांडशील कायच्या जोरावर?" हा तिचा सवाल.

मग तिचं हृदय थकलं. पाय सुजले, अंगणापर्यंत जाताना धाप लागू लागली. मी नोकरीला गोंदियात. तिला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "माताजी, सीआरपी बढ़ा हुआ है. खून में सूजन है."

आत्या उसळली. "पायाची सूज मले दिसते. रक्ताले कशी सूज येते? जखम नाही, ताप नाही, आग लागली कायची?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. हृदय इतकं दमलं की शरीर आतल्या आत धुमसत राहतं, भूक मरते, अंग झिजतं. रक्तातली ही खूण त्याचीच. औषधं चालू ठेवा, म्हणाले, पण फार आशा धरू नका.

पुढच्या प्रत्येक तपासणीत सीआरपीचा आकडा चढत गेला आणि आत्या विझत गेली. ताट अर्धं राहू लागलं. खिचडी करपली तरी म्हणायची, "चालते." ते "चालते" ऐकून मला धडकी भरायची.

एका रविवारी मी गावी तिच्याजवळ बसलो असताना शेजारची काकू आली. कुंपणापायी दोघींचं वर्षानुवर्षांचं वैर. दारातूनच ओरडली, "तुया वालाचा वेल माया कुंपणावर येऊन राहिला! उपटून फेकतो, पाहून घे!"

मला संताप आला. मग काकूची हनुवटी थरथरताना दिसली, आणि ती आत्याच्या अंगातलं भांडण जागं करायला आली आहे हे उमगलं.

आत्यानं डोळे उघडले. "उपट नं बाई," ती हळूच म्हणाली. "बस. चहा घे."

काकू उंबऱ्यातच बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. त्यानंतर ती रोज येऊन आत्याचे केस विंचरायची. दोघी काय बोलत कोण जाणे. मी जवळ गेलो की गप्प होत.

आत्या गेल्याचा फोन काकूनंच केला. "ये बाबू," एवढंच बोलली, आणि फोन बंद करायचं विसरली. मी बराच वेळ तो कानाला लावून तिकडचं रडणं ऐकत उभा राहिलो.