पहिलं वेत

कालवड आमच्या कामणच्या गोठ्यात आली तेव्हा नुसता हाडांचा सापळा होती. तिचे मालक माणिकपूरचे. शेतावर इमारत उठली, चरायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी ती आईकडं वाढवायला दिली. करार तोंडीच. गाय मालकाची, पण पहिलं वेत सांभाळणाऱ्याचं. म्हणजे पहिलं वासरू आणि गाय आटेपर्यंतचं दूध. आईला स्वतःची गाय कधी मिळालीच नव्हती. कालवड झाली तर गोठ्यात आपलं जनावर उभं राहील, एवढीच तिची आस.

काय नाही केलं तिनं! पावसात डोक्यावरून गवताचे भारे आणले, गोचिड्या वेचल्या. गाभण राहिल्यावर रोज कासेवरून हात फिरवायची, म्हणजे पुढं धार काढताना बुजायला नको. मालक सणावारीसुद्धा फिरकले नाहीत.

दिवस भरत आले तसे मात्र टेम्पो घेऊन हजर!

"वहिनी, तुमचा गोठा गळतो. माझ्याकडं सुखरूप व्याईल. मग वासरासकट घेऊन या."

"आई, नेऊ देऊ नकोस," मी ओरडले.

"भाऊ कशाला खोटं बोलतील?" म्हणत तिनंच दावं सोडून दिलं. इतकं भोळं असावं का माणसानं?

गाय व्यायली. कालवडच झाली. आई आणायला गेली, तर हे गृहस्थ म्हणतात, "ज्याच्या गोठ्यात व्यायली, त्याचं वेत. रीतच आहे तशी." कुठली रीत? मेल्यानं टेम्पोत बसून काढलेली! आई रिकाम्या हातानं परत आली.

दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो पुन्हा दारात. गाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. लाथा झाडत होती, वासरालाही जवळ करत नव्हती.

"वासरू उपाशी आहे, वहिनी. चला."

मी दार अडवून उभी राहिले. "वेत तुमचं ना? मग पान्हाही तुम्हीच उतरवा!"

आईनं मला बाजूला सारलं. "वासराचं काय चुकलं गं?" म्हणाली आणि टेम्पोत जाऊन बसली. त्या घटकेला मला त्या माणसापेक्षा तिचाच जास्त राग आला. भांडी आपटत मी दिवस काढला.

संध्याकाळी ती आली. मी तिच्याकडं बघितलंही नाही. "उतरला का पान्हा?" एवढंच विचारलं.

"हात फिरवला आनि लगेच उतरला."

"मग? भरून दिलीस त्याला चरवी?"

"थेंब नाय दिला. समदं वासराला पाजलं." पदरानं तोंड पुसत ती उंबऱ्यावर टेकली. "कपाळावर पांढरा टिळा हाय गं आपल्या कालवडीच्या."

आपल्या, म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.