रुपीबाईचा विळा

झरीकडच्या तांड्यात रुपीबाई दाईच्या तोंडी लागायची कोणाची बिशाद नव्हती. "नायकालेबी मीच काढलं," असं ती कोणालाही ऐकवायची. तांड्याच्या नायकानं पहिलं टॅहां केलं ते तिच्याच हातात, मग तिच्यापुढे मान वर कोण करणार? आणि एखादं तान्हं आठ दिवसांत गेलं, तर तिचा न्याय ठरलेला. "जगलं ते माह्यं, मेलं ते सटवाईचं." बरी वाटणी होती! सटवाई बिचारी काय भांडायला येते?

बासष्ट साली सरकारी दवाखान्यात दायांचं शिक्षण निघालं. शिकवायला इंदूबाई नर्स, वय चोवीस, लग्न व्हायचं. रुपीबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, तुले एक लेकरू नाही न् मले शिकवून राह्यली?"

"लेकरू नाही म्हणूनच तं वेळ आहे, रुपीबाई. बसा."

सगळ्या दाया हसल्या आणि रुपीबाई चक्क बसली. तिला असं बसवणारं माणूस आजवर पैदा झालं नव्हतं.

तान्हं लेकरू काहून गेलं, हे कसं शोधायचं ते इंदूबाई शिकवायची. लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं, म्हणून पाच बोटांवर पाच प्रश्न. करंगळीवर, जन्मल्यावर रडलं का? मग, दूध ओढलं का? ओढणं कधी थांबलं? अंग ताठलं का? आणि अंगठ्यावर, नाळ कशानं कापली? रडलं, चार-पाच दिवस प्यालं आणि मग जबडा आवळून अंग ताठलं, तर तो धनुर्वात, मळक्या पात्यातून आलेला. रुपीबाईला बोटं दोन दिवसांत पाठ झाली. अंगठा मात्र ती घाईनं उरकायची.

परीक्षा म्हणजे आपल्याच गावात, लेकरू गेलेल्या एका घरी विचारून यायचं. रुपीबाई तोऱ्यात निघाली आणि जमनीकडे जाऊन बसली. जमनीचा पोरगा पोळ्याच्या सुमारास गेला होता, आठ दिवसांचा.

रडला? खणखणीत. प्याला? पाच दिवस. मग तोंडच उघडेना. अंग?

"लाकडावानी झालतं, याडी." तांड्यातल्या साऱ्या पोरी तिला याडी, म्हणजे आईच म्हणत.

अंगठा रुपीबाईनं आधी मुठीत दाबला. तरी विचारलं.

जमनी तिच्याकडे बघतच राहिली. "तूच तं कापली, याडी. तुह्या विळ्यानं. मले कायले पुसतं?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोघी-तिघींनी बिनदिक्कत सटवाईचं नाव सांगितलं. रुपीबाईनंही सांगितलं असतं, तर कोण धरणार होतं? पण ती उभी राहिली.

"लिव्ह, पोरी. धनुर्वात. विळा माह्या होता. जमनीलेबी सांगून आली मी." आणि पदरात तोंड घालून अशी रडली, की इंदूबाईची पेन्सिल थांबली.

त्या दिवसापासून तिच्या पिशवीत उकळलेलं ब्लेड न् दोरा. पण जीव टांगणीला लागला तो जमनीला पुन्हा दिवस गेल्यावर. आता ती आपल्याला बोलावेल? रुपीबाई तिच्या दारावरून मान खाली घालून जायची. एवढी बोलघेवडी बाई, पण इतकी गप्प, की लोक म्हणत, दवाखान्यानं हिच्या जिभेलाच सुई टोचली काय!

एका दुपारी जमनीची सासू धापा टाकत आली.

"रुपी, चाल लवकर! जमनी म्हणते, याडीलेच आणा. न् विळा घरी ठेवून ये म्हणते."

रुपीबाईनं पिशवी उचलली आणि ती अनवाणीच पळत सुटली.