फिटच्या गोळ्या आणि थंड पाण्याची मशीन

दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवर गावातर्फे माझं नाव गेलं, कारण मी दवाखान्यात सारखा दिसायचो. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला बीपी आहे. बीपी कसला डोंबलाचा! माझ्या मुलीला फिट यायची, तिच्या गोळ्या आणायला मी जायचो. गोळी चुकली की ती पडायची. एकदा तर पेटत्या चुलीपाशी पडली, हात भाजला. पण पोर एकोणीस वर्षांची, मंठ्याकडच्या पाहुण्यांशी सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. म्हणून बीपी माझा.

त्या उन्हाळ्यात सरकारी गोळ्या यायच्या बंद झाल्या. मी भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून जालन्याला जायचो अन् विकत आणायचो. तेवढ्यात नवे डॉक्टर म्हणाले, समितीचे पैसे कशावर खर्चायचे ते गावालाच विचारू. शाळेत सभा ठेवली. मला बरं वाटलं. आपण तोंड न उघडता काम होईल, असं मी धरून चाललो होतो.

"सलाईन आणा," एकजण म्हणाला. "थंड पाण्याची मशीन बसवा," दुसरा म्हणाला, अन् सगळे खूश. ऊनच तसलं होतं. मग डॉक्टरांनी सरळच विचारलं, "फिटच्या गोळ्या घ्यायच्या का? कुणाच्या घरी लागतात?"

दुसरं कुणी बोलेल म्हणून मी वाट बघत बसलो. माझ्या शेजारचा म्हणाला, "आपल्या गावात असलं काई न्हाई, साहेब." मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, चांगली जोरात डोलावली. मग मशीनसाठी हात वर झाले, त्यात माझाही होता.

सभा उठल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "रजिस्टरात ह्या गावचे सात पेशंट आहेत. सातही घरची माणसं आज समोर बसली होती. गावच नको म्हणालं, आता मी काय लिहू?" माझ्याशी ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो तर मुलगी दारातच उभी. "बाबा, गोळ्यांचं बोलले का?"

"इसरलो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "फिट मला येती, बाबा. अन् इसरता तुम्ही?"